वाकड्या मानेचा पाना

मित्रांनो, मी केरबाच्या गुऱ्हाळातला जुना फिक्स पाना. दोन्ही टोकांना उघडं तोंड आणि जराशी वाकडी मान, अशी माझी ठेवण. हसू नका! या मानेपायी मी काय काय ऐकून घेतलंय, ते माझं मला ठाऊक.

भट्टीत तापून, घावाखाली घडून मी मिरजेच्या दुकानात आलो. चौऱ्याहत्तर साली पलटणीतून परतलेल्या केरबानं गुऱ्हाळाच्या इंजिनासाठी पान्यांची पेटी घेतली, तीत मी होतो. शेजारी नटाला चहूबाजूंनी धरणारा रिंग पाना, नटावर टोपीसारखा बसणारा बॉक्स पाना आणि तोंड लहानमोठं करणारा स्क्रू पाना. सगळे रुबाबदार. मीच तेवढा तिरका.

"पलटणीत वाकडं चालत न्हाई," केरबा म्हणाला. "बाजारादिवशी ठोकून सरळच करतो ह्याला."

मान ठोकली असती, तर मी मोडलोच असतो.

केरबाला शिस्त फार. पण उसाच्या गाड्या वळायला अंगण मोकळं हवं, म्हणून त्यानं इंजिन मात्र भिंतीला चिकटवून बसवलं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी गावातल्या शालूबाईची ऊस गाळायची पाळी होती. एकटी बाई, पोरासारखा ऊस जपलेला. रस उकळायची काहील अर्धी भरली आणि इंजिन थडथडू लागलं. बुडाचा, भिंतीकडचा नट सैल झाला होता. पट्टा निसटला, चरक थांबला.

"आवं दादा, रस आंबला तर गूळ बसंल का माझा?" शालूबाई रडकुंडीला आली.

इंजिनवाला आकाराम पेटी घेऊन धावला. बॉक्स पान्याला वरून जागा हवी, पण वर डिझेलची टाकी. रिंग पानाही वरूनच बसतो, तोही अडला. स्क्रू पान्याचा जाड जबडा फटीत शिरेना. शेवटी मला काढलं. बाजूनं सरकून मी नट धरला खरा, पण जरा फिरलो की दांडा भिंतीला आपटे. नटाची पुढची बाजू काही हाती येईना.

घामेजल्या हातातून मी निसटून पडलो. घाईत आकारामनं मला पालथाच लावला, आणि काय सांगू, बसलो की!

"आरं गड्या, उलटा बसतोय ह्यो!"

"मग भाकरीगत उलथत ऱ्हावा की!" शालूबाई ओरडली.

सुलटा, उलटा, पुन्हा सुलटा; पालथा झालो की माझी वाकडी मान दुसऱ्या बाजूला वळे. सरळ मानेच्या पान्याला जेवढं वळण लागलं असतं, त्याच्या निम्म्यात मी पुढची बाजू धरत होतो. नट आवळला, पट्टा चढला, चरक फिरला. शालूबाईचा गूळ पिवळाधमक बसला. पहिला खडा तिनं इंजिनापुढं ठेवला, दुसरा माझ्यापुढं. मला गोड काय कळणार, पण लय बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी केरबानं मला पेटीतून काढलं आणि कोपऱ्यातला घणही उचलला. संपलो, असंच मला वाटलं. पण त्यानं मला कमरेला खोचलं आणि घण घातला भिंतीवर! आकारामनं त्याला सगळं सांगितलं होतं; इंजिनाशेजारी हात फिरेल एवढी भिंत पाडूनच तो थांबला.

आता गुऱ्हाळ बंद आहे. मी खिडकीत गंजत पडलोय. कुणी माझ्यानं नारळ फोडतं, कुणी खिळे ठोकतं. मित्रांनो, काम झालं की आम्हाला पुसून तेलाचा हात फिरवा. यंत्र बसवताना पान्यापुरती जागा सोडा. आणि कुणाची मान वाकडी दिसली, तर ठोकण्याआधी त्याला एकदा उलटं लावून बघा.