उजवा मोजा

डाव्या पायात काळा मोजा होता. उजव्या पायात नुसती बोटं होती, आणि गॅरेजातून जेवायला घरी आलेल्या आपल्या मालकाकडे ती काहीच ठाऊक नसल्यासारखी बघत होती. त्याने बूट उलटा करून झटकला. एक खडा पडला. मोजा... सकाळी मेव्हण्याच्या गाडीला मोठा इंटरकूलर बसवताना – टर्बो हवा कोंबतो, कोंबलेली हवा तापते, तापलेली विरळ होते, तिला गार करून दाट केली की इंजिनात जास्त मावते आणि गाडी पळते, हे तो गिऱ्हाइकांना दिवसातून चारदा ऐकवी – कूलरच्या उघड्या तोंडात नट पडू नये म्हणून बोळा कोंबायची त्याची रीत होती. बोळा नेहमी लाल फडक्याचा. डोळ्यांत खुपावा म्हणून. आज लाल फडकं सापडेना. मेव्हणा घाईला आलेला – "आटपा दाजी, घाट चढायचाय." मग त्याने बूट काढला होता.

मोजा आत घातल्याचं आठवत होतं. बाहेर काढल्याचं आठवत नव्हतं.

सपाट रस्त्यावर गाडी नीट चालली; मोजा आत तळाशी पडून असणार, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा. पण चढावर मेव्हणा अॅक्सिलरेटर दाबेल, हवेचा जोर मोज्याला उचलून नळीच्या तोंडाशी नेऊन बसवेल, आणि इंजिनाचा श्वास... नेमका समोरून कुणी येत असताना. शेजारच्या सीटवर ह्याची बायको, भावाबरोबर माहेरी निघालेली.

त्याने फोन लावला.

"अहो, गाडीला पंख फुटलेत म्हणतोय दादा! घाट आत्ताच लागला."

"थांबव म्हण त्याला. कूलरमध्ये माझा मोजा आहे."

ती खळखळून हसली. "थांबा, स्पीकरवर टाकते. परत सांगा."

"उजवा मोजा. मी मस्करी करत नाहीये."

"प्रत्येक वेळी हेच म्हणता!"

"धुतलेला आहे ना, दाजी?" मेव्हणा खिदळला. "एक मिनिट, हा ट्रक तेवढा मागे टाकतो–"

फोन तुटला. पुन्हा लावला, तर आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती...

"कूलरमध्ये माझा मोजा आहे," तो त्या ध्वनिमुद्रित बाईला म्हणाला. ती हसली नाही. मख्ख चेहऱ्याने थापा मारून सगळ्यांना हसवण्याच्या त्याच्या बारा वर्षांत न हसलेली ती पहिलीच. त्याने पुन्हा फोन लावला, पुन्हा सांगितलं – हळू, मग ओरडून, मग जवळजवळ रडून – आणि दर खेपेला वाक्य अधिकच जमत गेलं, चेहरा अधिकच मख्ख होत गेला. पाचव्यांदा पोटातून काहीतरी वर चढू लागलं, तापलेलं, दाबलेलं, आणि ते हसू आहे की हुंदका हे ओळखायची त्याला भीती वाटली, म्हणून त्याने तोंड घट्ट मिटून धरलं.