एकशे चोवीस

टेलरबाईंना घाबरट माणसांचा मनापासून तिटकारा होता. घाबरायचं तर घरी घाबरावं, दार लावून, नळ सोडून. चारचौघांत हात कापत उभं राहायचं म्हणजे काय? काही लाज?

नळाचं उगीच नाही म्हटलं. नर्सिंग असिस्टंटचा कोर्स सुरू झाल्यापासून टेलरबाई रोज सकाळी सातला बाथरूममध्ये जायच्या, बादलीत नळ धो धो सोडायच्या आणि त्या आवाजात ओकून घ्यायच्या. बाहेरून नवरा विचारायचा, "काय गं, परत?"

"ॲसिडिटी," त्या तोंड पुसत सांगायच्या. "तुम्ही चहात साखर कोंबता ना, त्यानं होतं."

बिचारा रोज अर्धा चमचा साखर कमी करत गेला. गुरुवारपर्यंत चहाचा काढा झाला आणि ओकारी होती तिथेच राहिली.

बावीस वर्षं बाईंनी कपडे शिवले. मग तयार कपड्यांच्या दुकानांनी धंदा असा बसवला की हातात उरलं काय, तर पँटच्या चेन बदलणं. तेव्हा त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मशीन धाकट्या बहिणीला देऊन टाकलं, कोर्सचा फॉर्म भरला आणि इमारतीच्या चारही मजल्यांवर ते जाहीर करून आल्या. परतीची वाट स्वतःच्या हातानं बंद केली म्हणा ना. आणि सोमवारी वर्गात येऊन बघतात तर फळ्यावर लिहिलेलं: शुक्रवारी नाडीची परीक्षा. प्रत्येकाला दोन संधी. दोन्ही हुकल्या तर जागा प्रतीक्षायादीतल्या माणसाला.

बाईंनी ते दोनदा वाचलं. तोंडातून मात्र निघाली टिंगलच.

"हात धुण्याचे म्हणे अकरा टप्पे! मग इतकी वर्षं आम्ही काय हात चाटत होतो?" मधल्या सुट्टीत त्या पोरींना हसवायच्या. "आणि नाडी जोरात चालली तर काय, म्हणे रुग्णाला खुर्चीत बसवा, एकटं सोडू नका, पाच मिनिटं थांबा, परत मोजा. वा रे वा! एवढी अक्कल तर आमच्या मांजरीलाही आहे. त्याला कोर्स कशाला पाहिजे?"

पोरी खिदळायच्या. बाईंना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

सगळ्यात जास्त डोक्यात जायची ती थरथर. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. वीसेक वर्षांची, काडीसारखी पोर. पहिल्याच दिवशी उभी राहून शिकवणाऱ्या सिस्टरना म्हणाली, "सिस्टर, मला खूप भीती वाटते. माझे हात कापतात." आणि खरंच हात पुढे करून दाखवले!

"अगं बाई, मग हिलाच आधी ॲडमिट करा," टेलरबाई मागच्या बाकावरून म्हणाल्या आणि वर्गात हशा पिकला. थरथरसुद्धा हसली, मेली.

ती रोज दिसेल त्याचा हात मागायची. शिपाई, झाडूवाली, कॅन्टीनवाला, कुणाला सोडलं नाही. एकदा बाईंकडेही आली. "काकू, हात देता? मोजून बघते."

बाईंनी हात पदरात ओढून घेतला, जसं काही पोर तो चोरूनच नेणार होती. "माझ्या हाताला दुसरी कामं आहेत," त्या फणकारल्या.

सराव त्यांनी घरीच केला, नवऱ्यावर. बोटं ठेवली तर काही लागेना. बावीस वर्षं सुया टोचून बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. मग अंगठा ठेवला, आणि काय सांगू, लगेच ठक ठक ठक! कापडाचा पोत तरी त्या कशानं ओळखायच्या? अंगठ्यानंच. बाई खूश. नवऱ्याचे ठोके एकशे दहा भरले, तेव्हा त्याला वर दमही दिला, "जिने जरा कमी चढत जा." अंगठा का ठेवू नये ते सिस्टरनी मंगळवारी नीट सांगितलं होतं. पण त्या वेळी बाई सिस्टरच्या चपलांवर काहीतरी विनोद करण्यात गुंतल्या होत्या.

शुक्रवार उजाडला. सिस्टर म्हणजे साठीच्या, रुग्णालयातून निवृत्त झालेल्या, बोलणं मोजून मापून. त्यांनी जोड्या लावल्या आणि टेलरबाईंच्या वाट्याला नेमकी थरथर आली. ती पलंगावर आडवी झाली, हात बाहेर काढला. बाईंनी तिच्या मनगटावर अंगठा दाबला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं.

"एकशे चोवीस!" त्या सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा ओरडल्या. "बघा सिस्टर, मी म्हणत नव्हते? ही वॉर्डात जाऊन काय दिवे लावणार? पेशंटच्या आधी हीच आडवी होईल."

सिस्टर आल्या. तीन बोटं ठेवून मिनिटभर उभ्या राहिल्या.

"बहात्तर," त्या म्हणाल्या.

"कसं शक्य आहे?"

"बोट कोणतं ठेवलंत?"

बाईंनी ऐटीत अंगठा वर केला.

"मंगळवारी सांगितलं होतं मी. अंगठ्यात आपलेच ठोके लागतात. तुम्ही मोजलेत ते हिचे नाहीत, तुमचे आहेत."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, बाईंकडे उत्तर तयार होतं. पण कुणीच हसलं नाही. बाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. पाच दिवस नळ सोडून जे लपवलं, ते त्यांनी स्वतःच आकड्यासकट ओरडून सांगितलं होतं.

"एक संधी गेली," सिस्टर म्हणाल्या. "आता सांगा, एकशे चोवीस ठोक्यांचा रुग्ण समोर आहे. काय कराल?"

टप्पे बाईंना तोंडपाठ होते. इतकी टिंगल केल्यावर पाठ होणारच.

"खुर्चीत बसवायचं," त्या बारीक आवाजात म्हणाल्या.

"मग बसा."

बाई बसल्या. 

"पुढे?"

"एकटं सोडायचं नाही."

थरथर पलंगावरून उतरली आणि खुर्चीला खेटून उभी राहिली.  सगळा वर्ग घड्याळाकडे बघत पाच मिनिटं थांबला. अशी लांबलचक पाच मिनिटं बाईंनी जन्मात काढली नव्हती.

"मला भीती वाटते गं," तिसऱ्या मिनिटाला त्या म्हणाल्या. "मशीन देऊन बसलेय मी. हे हुकलं तर मी करू काय?"

"मला माहीत होतं, काकू. पहिल्या दिवसापासून."

"कशावरून?"

"माझे हात कापतात. तुमचं तोंड थांबत नाही."

काय आगाऊ कार्टी! पण बाईंना राग येईना. राग आणायचा प्रयत्नही करून पाहिला, जमला नाही.

थरथर परत आडवी झाली. या वेळी बाईंनी तीन बोटं ठेवली. पहिल्या दोन बोटांना काही कळेना, ती कामातून गेलेलीच होती. पण करंगळीशेजारच्या बोटानं आयुष्यात कधी सुई धरली नव्हती. त्याखाली काहीतरी बारीक हललं, सुटलं, परत हाती आलं. बाई श्वास रोखून मोजत राहिल्या.

"चौऱ्याहत्तर."

सिस्टरनी पुन्हा मोजलं. "चालेल," एवढंच म्हणाल्या आणि कागदावर खूण केली. मग थरथरची पाळी आली, तेव्हा टेलरबाईंनी न मागता आपला हात पुढे केला. पोरीची बोटं लटलटत होती, पण तिनं सांगितलेला आकडा बरोबर निघाला. शहाण्णव.

सोमवारी वॉर्डाचा पहिला दिवस. सकाळी सातला टेलरबाई बाथरूममध्ये गेल्या. नळाकडे हात गेला आणि मागे आला. न सोडताच त्यांनी ओकून घेतलं, चांगलं खळखळून.

"काय गं, परत ॲसिडिटी?" बाहेरून नवरा म्हणाला.

"कसली डोंबलाची ॲसिडिटी! घाबरलेय मी," बाईंनी आतून सांगितलं. "आणि चहात साखर घाला नीट, तो काढा आता घशाखाली उतरत नाही."