जागच्या जागी पडलेला राजा

मी एक जुनं, पेंढा भरलेलं मुंडकं आहे. मोंटानाच्या डोंगरातल्या एका गावात ऑडीन म्हाताऱ्याचा बार आहे, तिथल्या भिंतीवर मला टांगलंय. धड होतं तेव्हा मी एल्क होतो, म्हणजे घोड्याएवढं हरीण. आता माझे डोळे काचेचे आहेत आणि शिंगांवर लोक टोप्या अडकवतात.

माझ्या समोरच टीव्ही आहे. शिकारीचा हंगाम उघडण्याच्या आदल्या संध्याकाळी ऑडीन दर वर्षी एकच कार्यक्रम लावतो, आणि तो कार्यक्रम माझ्या मरणाचा आहे. मित्रांनो, स्वतःचं मरण पाहायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं. ते खोटं पाहायला मिळणं त्याहून थोड्यांच्या.

निवेदक म्हणतो, हा या पर्वतांचा म्हातारा राजा. मी ऐन तारुण्यात होतो. म्हणतो, जन्मापासून वाढवलेली ही शिंगं. अरे बाबा, आमची शिंगं दर वसंतात गळून पडतात आणि नवी येतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग बर्फात उभा असलेला मी आरोळी देतो. ती आरोळी माझी नाहीच. असं ओरडायचा आमचा माजाचा काळ बर्फ पडायच्या आधीच सरतो. कुणा दुसऱ्याचा गळा त्यांनी माझ्या तोंडाला चिकटवला. उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढीच त्या माणसाची विद्या.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. पण शेवटी तो म्हणतो, "गोळी लागली आणि राजा जागच्या जागी कोसळला. लक्षात ठेवा, गोळी लागली की थांबू नका, लगेच मागावर जा."

खरं असं झालं. गोळी झाडली याच टीव्हीवाल्या निवेदकाने, आणि ती माझ्या पोटात लागली. वाटाड्या होता याच गावचा व्हर्लिन. तो म्हणाला, "पोटात बसलीय. आता इथंच बसायचं, चांगला वेळ जाऊ द्यायचा. तो जवळच कुठंतरी आडवा होईल."

टीव्हीवाला म्हणाला, "उजेड चाललाय. मी काय अंधाराचं चित्रण करू? चल."

मी एका झाडाखाली बसलो होतो. त्यांनी मला तिथं सोडलं असतं, तर मी तिथंच मेलो असतो. पावलं ऐकली आणि उठलो. डोंगराची एक धार ओलांडली, मग दुसरी. तो त्रास मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. दुसऱ्या दिवशी त्यांना सापडलो तेव्हा मांस नासलं होतं. त्यांनी माझी जीभ आत ढकलली, रक्त पुसलं आणि मान वर करून मला बसवलं. टीव्हीवाल्याने माझ्या गळ्याला मिठी मारली. मेल्या म्हशीला मणभर दूध! आमच्या वरच्या जबड्यात दोन दात हस्तिदंतासारखे असतात. शिकारी ते आठवण म्हणून जपतात. तेही त्याने उपटून नेले.

व्हर्लिन मात्र गावात मोठा झाला. कार्यक्रमात तो पाठीमागे उभा दिसतो, म्हणून दर वर्षी त्या संध्याकाळी त्याला बिअर विकत घ्यावी लागत नाही.

गेल्या वर्षी कोलीन आली. तिचा नवरा विजेच्या तारांवर काम करायचा, वसंतात खांबावरून पडून गेला. शेजारी तिच्या दारात मांसाची पाकिटं ठेवून जात. तिला ती दया नकोशी झाली होती. हिवाळ्याचं मांस या खेपेला नवऱ्याच्या बंदुकीने मी आणीन, असं तिने ठरवलं होतं. ती कार्यक्रम टक लावून बघत होती.

"व्हर्लिन, असंच झालं होतं ना रे?" तिने विचारलं. "लगेच मागे जायचं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याने पेला फिरवला.

"टीव्हीवर दाखवलंय ना? मग तसंच."

मी ओरडलो असतो. पण माझ्या गळ्यात पेंढा आहे.

दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा आली. झुडपांवरचं रक्त लागून तिच्या बाह्या कडक झाल्या होत्या.

"पोटात लागली," ती म्हणाली. "मी लगेच मागे गेले. तो उठला नि पळाला. दिवसभर हिंडले, सापडला नाही." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "व्हर्लिन, याचं मांस कसं लागलं होतं?"

"खाल्लं नाही कुणी."

"का?"

"नासलं होतं. दुसऱ्या दिवशी मिळाला."

ऑडीनने पेला पुसणं थांबवलं.

"मग काल का नाही बोललास?"

"सगळे ऐकत होते, कोलीन."

"मीही ऐकत होते."

पहाटे तो तिच्याबरोबर गेला. घिरट्या घालणाऱ्या कावळ्यांनी त्यांना जागा दाखवली. मांस गेलं होतं, आणि परवाना एकाच जनावराचा होता. दुपारी तिने त्या जनावराचे दोन हस्तिदंती दात बारमध्ये व्हर्लिनसमोर फळीवर ठेवले.

"हे तू ठेव," ती म्हणाली. "शिकार तुझी आहे."

त्या हिवाळ्यात पाकिटं पुन्हा तिच्या दारात आली, आणि तिला ती घ्यावी लागली. मला याचाच संताप येतो. मी एकदा फुकट मेलो ते मेलोच, पण माझ्या खोट्या मरणाने आणखी एक जनावर फुकट मारलं.

या वर्षी हंगामाच्या आदल्या संध्याकाळी ऑडीनने पुन्हा तोच कार्यक्रम लावला. कोलीन आली नव्हती. नवी बंदूक घेतलेला एक तरुण मास्तर व्हर्लिनशेजारी बसला होता.

"खरंच असं पडला का हो तो?"

व्हर्लिनचा हात खिशात गेला. दात तिथंच असतात, मला त्यांची खुळखुळ ऐकू येते.

"टीव्हीवर दाखवलंय ना," तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्यावर धूळ साचली आहे आणि एक डोळा सैल झाला आहे. ते राहू द्या. शिंगांवर टोप्याही खुशाल अडकवा. पण कधी इथं आलात आणि टीव्हीवरचा तो माणूस माझ्या मरणाबद्दल बोलू लागला, तर एवढं करा, त्याचा आवाज बंद करा. आणि मग व्हर्लिनकडे बघत राहा, तो बोलेपर्यंत.