फळीवरची मीठदाणी

टक्. सगळे ताटावर बसून गप्प झाले, की हा आवाज हमखास व्हायचा. माझं बूड टेबलावर टेकल्याचा.

मित्रांनो, मी एक जुनी मीठदाणी आहे. पांढऱ्या चिनीमातीची, डोक्याला बारीक भोकं असलेली. भट्टीतून निघाले ती एका शिंप्याच्या घरी आले. टेबलाच्या मधोमध माझी जागा. थोरला शिंपी आणि त्याचा मुलगा, दोघेही घास चाखण्याआधीच मला हलवायचे. "हिच्याशिवाय घास उतरत नाही," म्हणायचे. मी फुशारून जायचे. पुढे थोरला शिंपी झटका येऊन अकालीच गेला, तरी माझा मान तसाच राहिला.

मग एकदा सुईत दोरा ओवताना मुलाला अंधारी आली. डॉक्टरांनी रक्तदाब मोजून बजावलं, "मीठ कमी करा. वडिलांचं दुखणं विसरलात का?"

त्याच दिवशी जेवताना त्याचा हात पुन्हा माझ्याकडे आला.

"अहो, हात आहे की मशीन?" बायको म्हणाली.

"सवय गं. उद्यापासून सोडतो."

"शिंप्याचा उद्या कधी येतो, ते गिऱ्हाइकांना विचारा."

तेवढ्यात त्यांच्या चिमुरडीने मला ओढलं आणि न चाखलेल्या भाजीवर हलवलं. अगदी बाबासारखं मनगट वळवून. आई रागावली नाही. तिने मला उचललं आणि समोरच्या उंच फळीवर ठेवलं. "आधी चाखायचं. मग हवं त्याने उठून घ्यायचं."

"घर आहे की दवाखाना?" तो कुरकुरला. चार-सहा वेळा उठलाही. ती मात्र भाजीत लिंबू पिळायची, लसूण खरपूस भाजून घालायची आणि मीठ चिमटी-चिमटीने कमी करायची. रुसलेल्या जिभेला तिने बोट धरून चालवलं. आता तो उठत नाही. माझ्या डोक्यावर धूळ बसते, पण त्या बाईचं मला फार कौतुक वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सगळ्याच वस्तू सांगतात. मी म्हणते, मला थोडं विसरा, माणसं जपा.

काल जेवताना चिमुरडी माझ्याकडे बघत राहिली. समोर आजी बसली होती, थोरल्या शिंप्याला जन्मभर वाढणारी.

"आई, आजोबा होते तेव्हा हिला वर कुणीच का नाही ठेवलं?"

आईच्या हातातला डाव तसाच थांबला. आजीने घास ताटात परत ठेवला.

"सांग ना, आई."