भिंतीपलीकडचा खोकला

हिवाळ्यात समुद्रकाठी जाऊन पडायचं, काही करायचं नाही, नुसतं ऊन खायचं आणि गरम पाण्यात डुंबायचं, असली चैन अरुणाताईंच्या सासरी-माहेरी आजवर कुणी केली नव्हती. कुणी सुचवली असती तर त्यांनीच आधी नाक मुरडलं असतं. पण जपानात उरायासुला मुलाकडे येऊन आठवडा होतो न होतो तोच त्यांनी स्वतःच टुमणं लावलं. "केदार, यांचे गुडघे फार धरतात रे. चैत्राली म्हणत होती ना, आतामीला गरम पाण्याचे झरे आहेत? आम्ही दोघं राहू की तिथे थोडे दिवस."

केदारला नवल वाटलं. जी आई कोथरूडहून डेक्कनला जायचं तरी दहादा घड्याळ बघते, ती जपानीचा एक शब्द येत नसताना परक्या गावात राहायचं म्हणते! पण चैत्रालीने, सुनेने, मनावर घेतलं. तिच्या ऑफिसातल्या मोरी-सानचा आतामीला फ्लॅट होता, इमारतीच्या तळमजल्यावरच गरम झऱ्याचं स्नानगृह. एका शनिवारी केदार दोघांना तिथे सोडून आला, कुकर आणि डाळ-तांदळासकट, आणि निघताना "मजा करा" म्हणाला.

मजा कसली! गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं. खरी गोष्ट ही की त्यांचे यजमान नंदकिशोरराव विसरायला लागले होते. चष्मा, किल्ल्या हे तर सगळेच विसरतात, त्याचं कुणी मनावर घेत नाही. पण ज्या माणसाने टेलिफोन खात्यात हयात घालवली, ज्याला अर्ध्या पुण्याचे नंबर तोंडपाठ होते, तो चहा पिऊन कप विसळून ठेवायचा आणि "आज चहा नाही का?" म्हणून विचारायचा. उरायासुला तर कहर झाला. केदारच्या दिवाणखान्यात सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांनी अरुणाताईंच्या कानात हळूच विचारलं, "आपण कुणाकडे आलोय गं?" चैत्राली ओट्याशी पाठमोरी होती म्हणून निभावलं. आतामीचा बेत अरुणाताईंनी त्याच क्षणी पक्का केला.

मुलाला सरळ सांगून का टाकलं नाही, असं कुणीही विचारेल. तर त्याला कारण बाळासाहेब, अरुणाताईंचे थोरले दीर. त्यांचं हेच झालं होतं. घरात लग्नकार्य निघालं की पाहुणे त्यांना मध्ये बसवायचे, "ओळखा पाहू मी कोण!" म्हणायचे आणि चुकले की हसायचे. तसल्याच एका लग्नातून परतताना नंदकिशोरराव बायकोला म्हणाले होते, "माझं असं झालं तर कुणाला दाखवू नकोस मला. केदारला तर नाहीच नाही." अरुणाताई "बरं" म्हणाल्या. नवऱ्याचं बोलणं थांबवायला बायका म्हणतात तसं म्हणाल्या, आणि ते गळ्यात पडलं. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत.

मग त्यांनी नवऱ्याचं वाक्य पुरं करायचा धंदाच मांडला. संध्याकाळी केदारचा व्हिडिओ कॉल आला की त्या नवऱ्याला चिकटून बसायच्या. "बाबा, आज काय केलंत?" असं त्याने विचारायचा अवकाश, "अरे, बंदरापर्यंत जाऊन आलो," असं याच सांगून मोकळ्या. "आई, बाबांना बोलू दे की जरा!" म्हणून केदार हसायचा, चैत्राली हसायची, नंदकिशोररावही हसायचे. त्यांचा मोबाइल तर अरुणाताईंनी केव्हाच आपल्या बॅगेत कपड्यांखाली दडवला होता, कारण ते भलत्या वेळी केदारला फोन लावायचे आणि कशासाठी लावला ते विसरायचे. "बिघडलाय, पुण्याला गेल्यावर दुरुस्त करू," अशी थाप त्यांनी ठोकून दिली होती.

बघणाऱ्याला मात्र हेवा वाटावा असे ते दिवस होते. सकाळी किनाऱ्यावरच्या बाकावर कोवळं ऊन, हातात सोललेली संत्री. आतामीला चेरी जानेवारीतच फुलते, तेव्हा ओढ्याकाठची गुलाबी झाडं बघत रमतगमत घरी. वाटेत जाळ्यांवर मासळी वाळत घातलेली असायची, तिथे अरुणाताईंच्या नाकाला पदर आणि नंदकिशोररावांचं मिश्कील हसू. दोघं हातात हात घालून चालायचे. जपानी म्हाताऱ्या कौतुकाने मान लववायच्या, काय प्रेम आहे म्हणून. प्रेम होतंच, नाही कशाला म्हणा, पण ती पकड जत्रेत पोराचा हात धरावा तशी होती.

दिवसातून एकदाच हा हात सोडावा लागायचा, तो स्नानगृहाच्या दाराशी. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. आत सगळ्यांनी एकत्र आणि अंगावर सूतही न ठेवता उतरायचं. पहिल्या दिवशी अरुणाताई लाजेने अर्धमेल्या झाल्या, पण मग सरावल्या, कारण लाजेपेक्षा मोठी काळजी जिवाला लागली होती. आतल्या आत हे कुठे भलतीकडे गेले तर? दोन्ही बाजूंच्या मधली भिंत छतापर्यंत पोचत नव्हती, पण त्या शांत जागेत हाका कशा मारणार? म्हणून त्या खोकायच्या. पलीकडून नंदकिशोरराव खोकायचे. हे कधी ठरवलेलं नव्हतं, आपोआप सुरू झालं. शेजारच्या एका आजीबाईंनी काळजीने त्यांना खोकल्याची गोळीसुद्धा दिली. अरुणाताईंनी ती तोंडात टाकली आणि पुन्हा खोकल्या, काय करतील बिचाऱ्या!

त्या दिवशी दुपारी त्या खोकल्या आणि पलीकडून उत्तर आलं नाही.

पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल. पुन्हा खोकल्या. मग असा खोकला काढला की शेजारची बाई दचकून सरकली. भिंतीपलीकडे नुसती पाण्याची धार पडत होती. अरुणाताई पाण्यातून उठल्या, ओल्या अंगावरच कपडे चढवले आणि धावत बाहेर आल्या. अंघोळ झाल्यावर ते रोज वाट बघत बसायचे तो दाराशेजारचा बाक रिकामा होता. कप्प्यात नंदकिशोररावांचे बूट नव्हते. इमारतीच्या रखवालदाराने हसून दाराबाहेर बोट दाखवलं आणि दोन बोटं चालवून दाखवली. फिरायला गेले म्हणे.

आतामी म्हणजे सगळा उतार. प्रत्येक गल्ली, प्रत्येक जिना शेवटी समुद्रावरच जातो. अरुणाताई धावत खाली गेल्या. किनाऱ्यावरचे बाक बघितले, बंदर बघितलं, मासळीवाल्यांच्या मागच्या बाजूलाही डोकावल्या. "अहो! अहो!" म्हणून ओरडत होत्या. पुण्यातल्या कुठल्याही गल्लीत असं ओरडलं असतं तर चार तरी नवऱ्यांनी वळून बघितलं असतं. इथे कुणाची मान हलली नाही. धक्क्याच्या कडेला त्यांनी एकदा पाण्यात बघितलं, आणि मग तिकडे बघायचं धाडसच झालं नाही. आणि त्यांचा फोन बंद करून आपणच दडवलाय, हे राहून राहून आठवत होतं.

स्वतःचा फोन त्यांच्या मुठीतच होता. केदारला लावायचा तर क्षणाचं काम. पण त्याला लावला की संपलं. अजून एक गल्ली बघू, अजून त्या ओढ्यापर्यंत जाऊ, असं करत करत ऊन डोंगराकडे कललं, वारा बोचायला लागला. नंदकिशोररावांच्या अंगात कोट नाही हे अरुणाताईंच्या ध्यानात आलं आणि त्या तडक वर स्टेशनाकडे, पोलीस चौकीत गेल्या.

चौकीतला पोलीस कोवळा होता, केदारहूनही लहान. अरुणाताईंनी फोनमध्ये दाखवलेला नवऱ्याचा फोटो बघून त्याने खुर्ची पुढे केली, काहीतरी विचारलं, आणि ती भाषा चालणार नाही हे लक्षात येताच बोटाने फोनची खूण केली. अरुणाताईंनी केदारला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"काय? कधीपासून?" केदार ऑफिसातच होता. "आई, घाबरू नकोस. ते विचारतायत, कपडे कोणते होते?"

"करडा स्वेटर. आणि माकडटोपी."

माकडटोपी जपानीत समजावून सांगताना केदारला बरीच वाक्यं लागली. पोलिसाने ती गंभीरपणे लिहून घेतली.

"आई, बाबांचा फोन बंद का येतोय?"

"माझ्याकडे आहे तो."

"तुझ्याकडे कशाला?"

तेवढ्यात पोलिसाने पुढचा प्रश्न विचारला.

"काही विसरायचा आजार वगैरे आहे का, असं विचारतायत," केदार म्हणाला. "म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विचारावंच लागतं यांना. नाही म्हणून सांगतो." आणि तो सांगायला लागलाही.

"केदार, थांब. हो म्हणून सांग."

"हो म्हणजे काय?"

"बाबा विसरतात रे. सगळं विसरायला लागलेत. सांग त्यांना."

पलीकडून ऑफिसातल्या कुणाच्या तरी हसण्याचा आवाज तेवढा आला. पोलीस पेन धरून खाली बघत बसला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी कळलं असावं. मग केदारने जपानीत एक छोटंसं वाक्य म्हटलं, आणि ते म्हणताना त्याचा आवाज मध्येच फाटला. "आई, मी निघतोय. गाडी पकडतो," इतकंच बोलून त्याने फोन ठेवला.

थोड्या वेळाने रस्त्यावरच्या खांबांवरचे भोंगे वाजले. तिकडे भूकंप-वादळाची सूचना द्यायला गावभर भोंगे लावलेले असतात, आणि कुणी म्हातारं माणूस हरवलं तर तेही त्यावरूनच सांगतात. आधी घंटीसारखा सूर, मग एका बाईचा सावकाश आवाज, शब्दाशब्दात थांबणारा, कारण डोंगरावरून प्रतिध्वनी येतो. अरुणाताईंना त्यातलं फक्त "इंदो", म्हणजे भारत, एवढंच कळलं. कुणाला दाखवू नकोस म्हणाले होते. आता हॉटेलं, दुकानं, शाळा, बंदर, सगळ्या गावाला कळलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सूचना पुन्हा झाली. कुणी आलं नाही. तेव्हा अरुणाताईंच्या डोक्यात आलं, ह्यांना यातलं काय डोंबल कळणार? त्यांनी उठून पोलिसाची बाहीच धरली. "ही, नो जपानी! आय स्पीक! मी बोलते!" आणि वरच्या भोंग्याकडे बोट दाखवलं.

पोलिसाने मान तिरकी करून दातांतून हवा आत ओढली. याचा अर्थ इथे नाही असा होतो, एवढं अरुणाताई शिकल्या होत्या. त्या तशाच हात जोडून उभ्या राहिल्या. शेवटी त्याने नगरपालिकेला फोन लावला, बराच वेळ बोलला, न दिसणाऱ्या साहेबाला वाकून नमस्कार केले, आणि रिसीव्हर अरुणाताईंच्या हातात दिला. "स्लोली," म्हणाला.

हळदीकुंकवाच्या कार्यक्रमातही ज्यांनी कधी माइक हातात धरला नव्हता, त्या अरुणाताई म्हणाल्या, "अहो." आणि त्यांचंच "अहो" डोंगरावर आपटून, घोगरं होऊन परत आलं.

"अहो, ऐकताय ना? मी स्टेशनाजवळच्या पोलीस चौकीत आहे. एकटीच आहे. तुम्ही कुठे आहात? मला फार भीती वाटतेय हो. या ना."

आणखी बरंच सांगायचं होतं, पण त्यांनी रिसीव्हर पोलिसाच्या हातात परत दिला. बाहेर चौकात माणसं थबकून वर बघत होती.

मग वाट बघणं. पोलिसाने चहा दिला, तो निवून गेला. दारात कुणाची सावली पडली की अरुणाताई उठत आणि पुन्हा बसत. दिवे लागायच्या सुमारास दारात भाजीची पिशवी घेतलेली एक मध्यमवयीन बाई आली, आणि तिच्या पुढे दोन पावलं, लगबगीने, डोक्यात माकडटोपी घातलेले नंदकिशोरराव.

ते सरळ टेबलाशी गेले आणि आपल्या जुन्या खात्याच्या इंग्रजीत पोलिसाला म्हणाले, "एक्सक्यूज मी, देअर इज अ लेडी..." तेवढ्यात त्यांचं लक्ष अरुणाताईंकडे गेलं.

"अगं, तू पण आलीस? बरं झालं. ऐकलंस ना मघाशी? कुणीतरी आपल्याकडची बाई आहे. नवरा हरवलाय तिचा. एकटी आहे, भीती वाटते म्हणत होती बिचारी. म्हटलं, या परक्या गावात कोण आहे तिला? जाऊन बघावं. या बाईंनी वाट दाखवली. कुठाय गं ती?"

अरुणाताईंच्या जिभेवर वाक्य तयार होतं. सापडला हो तिचा नवरा, चला घरी. एवढं म्हटलं असतं की त्यांचं समाधान झालं असतं, आणि रात्रीपर्यंत ते विसरूनही गेले असते. आजवर अशीच वाक्यं त्या पुरवत आल्या होत्या. पण आता त्या इतक्या दमल्या होत्या की खोटं बोलायलाही त्राण उरलं नव्हतं.

"ती मीच होते," त्या म्हणाल्या.

नंदकिशोररावांनी त्यांच्याकडे बघितलं. ओले केस बघितले, उलटा घातलेला स्वेटर बघितला. मग हळूच शेजारच्या खुर्चीवर बसले. भाजीच्या पिशवीवाली बाई दारातूनच वाकून नमस्कार करून निघून गेली.

"म्हणजे मी हरवलो होतो?"

"हो."

"मला तर वाटलं, मी फिरतोय."

अरुणाताईंना रडू फुटलं. "मला केदारला सांगावं लागलं हो. तो निघालाय. सगळ्या गावाला सांगितलं मी. तुम्हाला शब्द दिला होता, आणि..."

नंदकिशोररावांनी हाताने ते बोलणं बाजूला सारलं. टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्या कडा सारख्या करत बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुपारपासून शोधतेय. अंघोळीला गेलो तेव्हापासून."

"ते नाही विचारत. माझं हे असं होतंय, ते तुला कधीपासून माहीत आहे?"

अरुणाताईंनी डोळे पुसले. "गेल्या दिवाळीपासून."

"मला त्याच्याआधीच्या गणपतीपासून," नंदकिशोरराव म्हणाले. "तुला कळू नये म्हणून फार जपत होतो गं."