श्रीनाथची न झालेली तपासणी

आमच्या श्रीनाथने नसबंदी करून घेतली तेव्हा काय तो तोरा! "बायकोला त्रास नको म्हणून मीच पुढे झालो," असं झाशीच्या अख्ख्या रेल्वे कॉलनीत तो स्वतःच सांगत फिरला. एका मुलीवर, शमिकावर, थांबायचं हे आमचं दोघांचं ठरलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिने काळजी घ्या, मग वीर्याची तपासणी करा, ती साफ आली की मोकळे. चौथ्या महिन्यात हा म्हणाला, "रिपोर्ट साफ आहे." मी विश्वास ठेवला. गाढवपणा माझा.

ऑपरेशनला सात महिने होत आले आणि मला दिवस गेले.

"कुणाचं आहे?" त्याने विचारलं. शेजारच्या खोलीत पोरगी अभ्यास करतेय, याचीही शुद्ध नव्हती त्याला. सासूबाई मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "ऑपरेशननंतर मूल होतं का कुठं? सच बता, कौन है वो?" एरवी घरात मराठीच बोला म्हणून शमिकाला टोकणारी बाई! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी मी तडक दवाखाना गाठला. नर्सने रजिस्टर दोनदा चाळलं. "आपके पति तो जाँच कराने आए ही नहीं, दीदी."

संध्याकाळी जाब विचारला तर साहेब उलट गुरकावले. "तिथल्या लॅबमधला नीरज माझ्याबरोबर क्रिकेट खेळतो. त्याच्या हातात डबी देऊ? लाज वाटते मला."

"आणि मला 'कुणाचं आहे' विचारताना नाही वाटली?"

"ऑपरेशन झालंय ना पण माझं!"

हा माणूस सिग्नल खात्यात आहे. रूळ बदलणाऱ्या पॉइंटला नुसता पाना लावला तरी चाचणी घेतल्याशिवाय गाडी सोडत नाही. घरात मात्र चाचणीच्या नावाने खोटं बोलला आणि वर मलाच बदफैली ठरवून मोकळा झाला.

"आधी तपासणी करून ये. मग माझ्याशी बोल," मी म्हटलं.

पंधरा दिवस तो हॉलमध्ये झोपला. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. शेवटी बिजौलीकडे, जिथे त्याला कुणी ओळखत नाही अशा एका लॅबमध्ये तो जाऊन आला. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू होते.

आणि हा सदर बाजारातून पेढे घेऊन आला! "कल्याणी, झालं गेलं विसरून जा. आपलंच आहे." सासूबाईंनी देवापुढे पेढा ठेवला, "आता मुलगाच होणार बघ," म्हणाल्या. माफी दोघांपैकी कुणीच मागितली नाही.

लॅबचा कागद पाहिल्यावरच ज्यांना मी खरी वाटले, त्यांच्यासाठी मला आणखी एक मूल नको होतं.

"दवाखान्यात गर्भपाताचा फॉर्म भरून आलेय," मी म्हटलं. "उद्या दहाला बोलावलंय. नवऱ्याची सही लागत नाही, विचारून घेतलंय मी."

"माझं मूल आहे ते!" तो ओरडला.

"पंधरा दिवस नव्हतं."