बाद फोटो

दादाने सांगितलं आणि धाकटीने ऐकलं नाही, असं त्या स्टुडिओत कधी घडलंच नव्हतं. दोघं भावंडं मिळून फोटो काढायला जात, दोन्ही कॅमेऱ्यांतले फोटो कॉम्प्युटरवरच्या एकाच कॅटलॉगमध्ये उतरवत. त्यातला कुठला ठेवायचा आणि कुठला बाद करायचा, हे मात्र दादा ठरवायचा. त्याला नजर होती ना! धाकटीचे बहुतेक फोटो बादच व्हायचे. "हलला गं तुझा," असं तो इतक्या मायेने म्हणायचा, की वाईट वाटून घ्यायचीही तिला लाज वाटे. शेवटी आपल्याला हे जमत नाही, असं तिनेही मान्य करून टाकलं. येत्या महिन्यापासून ती कॅमेरा ठेवून देऊन एका कार्यालयात नोकरीला लागणार होती.

"जायच्या आधी एवढं कर," दादा म्हणाला. "डिस्क गच्च भरलीये. बाद केलेल्या सगळ्या रॉ फाइली उडवून टाक. बघत बसू नकोस, सरळ उडव."

मूळ फोटो एकदा गेले की गेले, म्हणून कुणाचंही बोट जरा अडखळतंच. तिने बादचा फिल्टर लावून वरवर नजर फिरवली आणि एका फोटोशी थबकली. अर्धवट बांधलेल्या पुलावर, तोंडावरचा मुखवटा वर सरकवून हसणारी वेल्डर बाई. हाच फोटो दारासमोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये लागला होता, खाली दादाचं नाव आणि शेजारी त्याला मिळालेलं पारितोषिक. फाइलचं नाव मात्र तिच्या कॅमेऱ्याचं होतं. त्या दिवशी दोघं खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि तिचा म्हणे हलला होता!

हलला कसला, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. तिने एडिटचा इतिहास उघडला. उजेड सुधारलेला, कड छाटलेली, छपाईसाठी प्रत काढलेली, आणि एवढं सगळं करून वर बादची खूण. टाकून द्यायच्या फोटोवर इतकी मेहनत कोण घेतं? तिने पुढचा उघडला, तोही तसाच. त्याच्या पुढचाही. परक्याने केलं असतं तर तिने भांडून घर डोक्यावर घेतलं असतं. पण ज्याने कॅमेरा धरायला शिकवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि वर पुरावा पुसायचं कामही तिच्याच गळ्यात मारलं होतं.

दादा आत आला. पडद्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"अगं, नाव माझं काय न् तुझं काय, घरातच आहे ना?"

"मग मला जमत नाही, असं का सांगत आलास?"

त्याने माउसकडे हात नेला. तिने तो हात बाजूला सारला.

"आणि पुसायलाही मलाच बसवलंस? मी बघेन अशी भीती नाही वाटली?"

"नाही," तो खरं बोलून गेला. "तू कधी तपासलंयस का माझं काम?"

तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. तिने खुर्ची पुढे ओढली, आपल्या कॅमेऱ्याचे तेवढे फोटो समोर आणले आणि पहिल्यापासून एकेकावरची बादची खूण काढून टाकायला लागली. मधेच एक खरोखरच फसलेला निघाला. दादा मागे उभाच होता. तिने त्याला न विचारता तो बाद केला.